आधी शेजाऱ्याच्या भिंतीचे फोटो, मग पायलिंग

पायलिंगची छोटी कामं घेणारे भेटले की एक वाक्य ठरलेलं असतं, "सर, ते तडे आधीपासूनच होते." असतीलही हो. पण दाखवणार कसं?

माझं स्पष्ट मत आहे. काम सुरू व्हायच्या आधी शेजारच्या इमारतींचा तारखेसकट फोटो-सर्व्हे करा, प्रत्येक पानावर सोसायटीची सही घ्या, आणि हा खर्च कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लावा. "पार्टी रेट पाडते" हे कारण मला पटत नाही. रिग भाड्याची असते, आणि ती बंद उभी राहिली तरी मीटर चालूच.

आता आकडे बघा. जमिनीचं कंपन सेकंदाला किती मिलिमीटर, असं मोजतात. त्याला पीपीव्ही म्हणतात. घरात बसलेल्या माणसाला साधारण ०.३ लाच जाणवायला लागतं. जर्मनीचं डीआयएन ४१५० हे मानक मात्र कमी वारंवारतेच्या, थोडा वेळ टिकणाऱ्या कंपनांसाठी साध्या घराच्या पायाशी ५ आणि नाजूक जुन्या वास्तूसाठी ३ ही पातळी धरतं. म्हणजे कपबशा वाजल्या, वरच्या काकू घाबरल्या, तरी भिंतीला धोका असेलच असं नाही. पण तक्रार येणार ती काकूंची! ब्रिटिश मानक तर सांगतं की १ च्या आसपास तक्रारी येतात, पण आधी कल्पना दिली असेल तर लोक सहन करतात. एक नोटीस आणि एक फोन नंबर, खर्च किती हो?

"आमचे बोअर्ड पाइल आहेत, हादरे नाहीत." कमी आहेत, मान्य. पण केसिंग व्हायब्रो हॅमरने घालता ना? तो सुरू आणि बंद होताना त्याची गती जमिनीच्या स्वतःच्या वारंवारतेतून जाते आणि तिथेच जोरात हादरा बसू शकतो.

२०१७ मध्ये मुंबईत फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या वारसा इमारतीचा दगडी तुकडा पडला. मेट्रो-३ च्या कामामुळे हे झालं म्हणत संस्था हायकोर्टात गेली आणि तिथलं काम काही काळ थांबलं. मोठा प्रकल्प तेवढं सोसतो. तुमचं एका रिगचं काम किती दिवस सोसेल?

आणि शेजारचे दुकानदार हे वाचत असतील तर तुम्हीही आजच तड्यांवर पेन्सिलीने खूण करून तारीख टाका. फोटोत बाजूला पट्टी ठेवा, रुंदी दिसली पाहिजे.