स्कोअर झकास, खिसा भकास

परवा शुक्रवारी कँटीनमध्ये टीममधल्या एका मित्राने मोबाईल पुढे केला. "बघ, ७९०!" मला वाटलं, लेकाने कुठली परीक्षा दिली की काय. तर तो त्याचा सिबिल स्कोअर होता. पेढे वाटायचेच बाकी होते. मग चहा पिता पिता कळलं, की साहेबांच्या क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकलेत आणि ते दर महिन्याला फक्त 'मिनिमम ड्यू' भरतायत. का? तर "अरे, स्कोअर मेंटेन राहतो ना!"

आता हसावं की रडावं?

ढोबळ हिशोब करू. महिना साडेतीन टक्के व्याज धरा. ५०,००० वर झाले १,७५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५. याने भरले २,५००. मुद्दलातून गेले फक्त ४३५! शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. आजचा पिझ्झासुद्धा आजपासून व्याजावर. आणि स्कोअर? लिमिट तीन लाखांचं, मिनिमम वेळेवर जातंय, त्यामुळे स्कोअर झकास. बँकही खूश. नसायला काय झालं?

मंडळी, हा आकडा तुमच्या कौतुकासाठी काढलेलाच नाही. हा माणूस हप्ते बुडवेल का, याचा कर्ज देणाऱ्यासाठी बांधलेला अंदाज म्हणजे स्कोअर, ३०० ते ९०० मधला. तुमचा पगार, एफडी, पीएफ, यातलं काहीही त्यात धरत नाहीत.

आता दुसरं टोक बघा. आमच्या बाबांनी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलं नाही. ऑफिसातल्या भिशीचा हप्ता वीस वर्षांत एकदाही चुकवला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने कार्डासाठी अर्ज केला, तर उत्तर आलं, 'क्रेडिट हिस्टरी नाही.' बाबा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी बेभरवशाचा?" काय सांगणार? भिशीची नोंद सिबिलकडे जात नाही हो बाबा. (पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. बाबांना ते उशिराच म्हणायचं.)

व्याजात बुडणारा ७९० आणि कधीच न बुडवणारा शून्य. आणि हे आपलं प्रगतीपुस्तक!

"मग काय, स्कोअर नकोच?" असं नाही. उद्या होमलोन घेताना व्याजाचा दर त्यावर ठरू शकतो. पण त्यासाठी गरज नसताना ईएमआयवर फोन घ्यायचा, हा शुद्ध गाढवपणा. एक कार्ड पुरतं. त्यावर किराणा आणि पेट्रोल घ्या, पूर्ण बिलाला ऑटो-डेबिट लावा, लिमिटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत रहा. एका महिन्यात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकत सुटू नका. झालं! याला कुठल्या ॲपचं पैसे देऊन घेतलेलं 'स्कोअर बूस्टर' लागत नाही.

आणि आकड्यापेक्षा रिपोर्ट वाचा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क, चौघांनीही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच आहे. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती अफवा आहे. न घेतलेलं कर्ज किंवा बंद केलेलं कार्ड त्यात चालू दिसलं तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा एप्रिल २०२४ पासून नियम आहे.

मित्राला तिथेच हे सगळं ऐकवलं. त्याची एफडी होती म्हणे, सात टक्क्यांवाली. बेचाळीस टक्के भरतोय आणि सात टक्के कमावतोय! इंजिनिअर आहे हो. सोमवारी एफडी मोडून कार्ड फेडतो म्हणालाय.

असो. सोमवारी चहा त्याच्याकडून. रोख.