जागच्या जागी

भाषा शिकविणाऱ्या माणसाने घरात न्यायाधीशाचे काम कधी पत्करू नये. शब्दाचा निवाडा करावयास तो बसतो आणि शेवटी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. या सदरातून वाचकांना वर्षभर शब्दांच्या गमती सांगणाऱ्या मजवर यंदा गणपतीच्या सुट्टीत नेमका हाच प्रसंग ओढवला.

त्या दुपारी मी चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा दुसरा गठ्ठा घेऊन बसलो होतो. बाहेरच्या खोलीत आमचे चिरंजीव, त्याचे दोन मित्र आणि माझी पुतणी यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ रंगात आला होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. एकाने गोष्ट सांगावयाची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हावयाचे. पात्राने काही धाडस केले की ते साधले की फसले, हे बहुधा वीस पैलूंचा फासा ठरवितो. गोष्ट सांगणारा हाच पंच. त्या दिवशी पंच होती पुतणी.

एकाएकी गलका उठला. “बाबा, तुम्हीच सांगा! मराठीचे प्रोफेसर ना तुम्ही?”

भांडणाचे मूळ एका जादूच्या दांड्यात होते. साधा लोखंडी दांडा, एका टोकाला कळ. कळ दाबली की तो जागच्या जागी खिळतो, अगदी अधांतरीसुद्धा. पुन्हा कळ दाबीपर्यंत हलत नाही. आठ हजार पौंड, म्हणजे सुमारे ३,६०० किलो, वजन पेलतो. २०१४ च्या नियमपुस्तकात एवढे सगळे दिले आहे. चिरंजीवांचे पात्र होते भर समुद्रात, चालत्या जहाजावर. खोलीचे दार बाहेरून राक्षस ढकलीत होता. म्हणून याने आतून दाराला दांड्याचा अडसर लावला आणि कळ दाबली.

“दांडा जागच्या जागी राहील,” एक मित्र म्हणाला, “पण जहाज पुढे जाईल! मागची भिंत दांड्यावर आपटेल.”

“जागा म्हणजे जहाजावरची जागा!” चिरंजीव ओरडला.

मी चष्मा पुसला. असा श्रोतृवर्ग मला वर्गातही मिळत नाही. “जागा ही नेहमी कशाच्या तरी संदर्भात असते,” मी सुरुवात केली. “पृथ्वी तरी कुठे स्थिर आहे? विषुववृत्तावर ती ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते आणि सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. अगदी अक्षरशः अर्थ लावाल, तर कळ दाबताच दांडा तुमच्या हातून अंतराळात जाईल!”

पोरे हसली. त्या हशाने मी चढून गेलो आणि निकाल देऊन टाकला. “तेव्हा शब्द नीट न वाचता कळ दाबणाऱ्याने परिणाम भोगावा. हिरण्यकशिपूने नाही भोगला? दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. पण संध्याकाळ आणि उंबरठा राहिलेच.”

पुतणी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पण काका, हिरण्यकशिपूचे शब्द त्याचे स्वतःचे होते. हा नियम याने कुठे लिहिलाय? लिहिणाऱ्यानं मोघम लिहायचं आणि वाचणाऱ्यानं बुडायचं?”

मला उत्तर सुचेना. तिला माझ्या उत्तराची गरजही नव्हती. तिने निकाल दिला: या खेपेला दांडा जहाजाबरोबर जाईल, कारण याने तसे समजूनच कळ दाबली होती. पुढच्या खेपेपासून दांडा पृथ्वीशी खिळलेला. आता ते सर्वांना ठाऊक आहे. सारे मुकाट्याने पुन्हा खेळू लागले.

मी खोलीत परतलो. समोर मीच काढलेला प्रश्न होता: ‘कोणत्याही दोन कवितांचे रसग्रहण वीस ओळींत करा.’ माझ्या मनात होते, प्रत्येकी वीस. वरच्याच पत्रिकेत दहा-दहा ओळी होत्या. त्याखाली माझ्या लाल शाईत ‘उत्तर अपुरे’, दहापैकी चार.

पहिला गठ्ठा तर मी वाटूनही टाकला होता. त्या वर्गातली एक मुलगी पत्रिका घेऊन आली होती. “सर, वीस ओळी दोन्हींच्या मिळून ना?” तिने विचारले होते. “प्रश्न नीट वाचायला शिका,” असे सांगून मी तिला परत पाठविले होते. जाताना तिने पत्रिकेची घडी फार लहान केली, तेव्हा ते माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या दुपारी आले.

सुट्टी संपताच मी पत्रिका परत मागविल्या. दोन्ही वर्ग मिळून अकरा जणांनी प्रश्न तसाच वाचला होता. प्रश्न माझा होता आणि चूकही माझी, हे वर्गापुढे सांगितले आणि गुण दुरुस्त केले. वीस वर्षांच्या नोकरीत एवढे लहान वाक्य मला इतके जड कधी गेले नव्हते. त्या मुलीने घडी उलगडून पत्रिका टेबलावर ठेवली आणि ती काही न बोलता बाकावर जाऊन बसली.

सत्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत मी ठळकपणे लिहिले: ‘प्रत्येकी वीस ओळींत.’ परीक्षा झाल्यावर मोठ्या ऐटीत ती पुतणीला दाखविली. तिने ती दोनदा वाचली.

“छान आहे, काका,” ती म्हणाली. “फक्त ओळ केवढी, ते सांगा.”