अर्जात लिहायचं तरी काय?

मंडळी, या शनिवारी सॉफ्टवेअर नाही. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एखादी बहीण, मेव्हणा नाहीतर शाळेतला जुना मित्र एमबीबीएस होऊन 'पीजीची तयारी' करत बसलेला असणार, म्हणून हा विषय.

माझी आतेबहीण पिंपळवंडीची. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव मागे टाकलं की आळेफाट्याच्या अलीकडे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, मग बाँडचं एक वर्ष (नाही केलं तर दहा लाख भरा) जुन्नर तालुक्यातल्याच एका आरोग्य केंद्रात काढलं. 2024 ची नीट-पीजी 23 जूनला होती, ती आदल्या रात्री पुढे ढकलली आणि 11 ऑगस्टला घेतली. पठ्ठी पात्र ठरली, पण मेडिसिनची जागा मिळेल असा रँक नाही. 2025 ला 3 ऑगस्टला पुन्हा दिली, पुन्हा तेच. म्हणजे नापास नाही आणि प्रवेशही नाही. हे गावात समजावून सांगता सांगता आत्याच्या नाकी नऊ आलेत. "पोरगी डॉक्टर झाली ना, मग आता परीक्षा कसली?" हा एक प्रश्न, आणि त्याच्या मागोमाग स्थळं.

तर तिने मला विचारलं, "दादा, तुमच्यात रेझ्युमे स्ट्राँग करतात, तसं मी या वर्षात काय करू?"

आपल्याकडे याला दहा उत्तरं आहेत. एखादा साइड प्रोजेक्ट कर, नवीन टेक्नॉलॉजी शिक, ओपन सोर्समध्ये हात घाल, ओळखीच्या सीनियरकडून रेफरन्स घे. तिच्याकडे यातलं एकही चालत नाही. नीट-पीजीमध्ये 200 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा, साडेतीन तास. त्यातून एक आकडा निघतो आणि पुढे तुमचा प्रवर्ग, कोटा आणि तो आकडा. दोन लाखांहून जास्त पोरं ही परीक्षा देतात. बाकी तुम्ही आयुष्यात काय केलंत हे लिहायला त्या अर्जात रकानाच नाही.

तिच्या बॅचचा एक जण अमेरिकेच्या मार्गाला लागलाय. तिथे मार्चमध्ये 'मॅच' लागतो. ज्याला जागा मिळाली नाही त्याला त्या आठवड्याच्या सोमवारीच कळतं. 2024 मध्ये तिथले नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी साधारण 58 टक्क्यांनाच जागा मिळाली, म्हणजे तेही काही सोपं नाही. पण हुकलेल्याला करण्यासारखं काहीतरी असतं: स्टेप टूचे गुण, तिथल्या हॉस्पिटलातला अनुभव, शिफारसपत्रं, एखादं संशोधन. स्टेप वन तर जानेवारी 2022 पासून फक्त पास-नापास आहे. आता या सगळ्याला बख्खळ पैसा लागतो आणि टोमॅटो-कांद्यावर चालणाऱ्या घराला तो झेपत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि तीच पद्धत इथे आणावी असंही माझं म्हणणं नाही. शिफारसपत्र म्हटलं की आपल्याकडे चिठ्ठी कोणाची, हेच आधी विचारतील. आकड्याला आडनाव कळत नाही, मामा कोण ते कळत नाही. जुन्नरच्या पोरीला त्याचा फायदाच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे.

तिच्या बाँडच्या वर्षात, ऐन पावसाळ्यात, रात्री एका माणसाला आणलं. उसाच्या शेतात पाणी धरताना साप चावलेला. कोणता, ते दिसलं नाही. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवायचं. गोठलं नाही तर घोणसासारख्या सापाचं विष भिनलंय असं समजायचं. त्याचं गोठलं नाही. तिने प्रतिविषाच्या दहा बाटल्या लावल्या, रिअॅक्शनवर नजर ठेवत उभी राहिली, मग पुढे पाठवला. माणूस वाचला. परीक्षेत याच चाचणीवर प्रश्न आला तर चार गुण. रात्री दोनला ती चाचणी प्रत्यक्ष केली त्याचे शून्य. उलट त्या वर्षात अभ्यास मागे पडला तो पडलाच. त्यामुळे सगळे अनुभवी लोक तिला एकच सल्ला देतात: नोकरी सोड, पुण्यात अभ्यासिका लाव, बारा तास बस. रँक सुधारण्यासाठी पेशंटपासून लांब राहा! याहून उलटा इन्सेंटिव्ह मी कुठल्या अप्रेझलमध्येसुद्धा पाहिला नाही.

सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना दुर्गम भागातल्या प्रत्येक वर्षाला दहा टक्के, जास्तीत जास्त तीस, असे जादा गुण देण्याची तरतूद जुन्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत होती. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तबही केलं. म्हणजे कल्पना नवीन नाही. पण हिच्या एका वर्षाच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. पिंपळवंडीचा पट्टा दुर्गम कोण म्हणेल, हायवे आणि कालवा दोन्ही आहे.

हिम्मतराव बावस्करांचं नाव ऐकलं असेल. 1970 च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात ते साधे एमबीबीएस डॉक्टर होते. विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. एमडी पुण्यात झाले, परत महाडला गेले. विंचूदंशावरचा त्यांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, पुढे प्राझोसिन या औषधाने कितीतरी जीव वाचवले. 2022 मध्ये पद्मश्री. आज एखादा तरुण डॉक्टर अशा नोंदवह्या घेऊन पीजीला आला, तर त्या कुठल्या खिडकीवर दाखवायच्या?

माझ्या मते बाँड असो वा कंत्राट, एमबीबीएसनंतर आरोग्य केंद्रात काढलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला थोडे ठरावीक गुण सगळ्यांनाच मिळावेत. जास्त नकोत, पाच टक्के पुरेत. हजेरी बायोमेट्रिकने आणि केसेस सरकारी नोंदीतून तपासता येतील. हे सॉफ्टवेअर लिहायला आपल्यातले चार जण आणि एक तिमाही पुरे. खोटी हजेरी लागेल म्हणता? लागेल. पण ती पकडता येते. आज जे वाया जातंय त्याची तर कुठे नोंदच नाही.

बहिणीने तिसऱ्या खेपेला मधला मार्ग काढलाय. आठवडाभर अभ्यासिका, आणि शनिवार-रविवार आळेफाट्याच्या एका दवाखान्यात रात्रपाळी. क्लासवाल्या सरांना ती हे सांगत नाही. आत्याला मात्र बरं वाटतंय, कारण आता कोणी विचारलं तर "दवाखान्यात आहे" एवढं म्हणता येतं.