गाडीची पाटी आणि मागची रिकामी जागा

आपल्या बेटावर लग्नाला किंवा पूजेला गाडी घेऊन गेले, की गाडीतून उतरण्यापूर्वीच मालकाची परीक्षा होऊन जाते. आपल्याकडे गाडीच्या पाटीवर आकड्याबरोबर महिना आणि वर्षही लिहिलेले असते. त्यामुळे व्हरांड्यात बसलेल्या मंडळींना गाडीचे वय विचारावे लागत नाही. पाटीकडे एक दृष्टी टाकली की पुरे. मग कोणीतरी हसत हसत म्हणतो, "काय गुरुजी, अजून हीच का?"

होय, अजून हीच. गेली अकरा वर्षे आम्ही एक लहान, पाच दारांची, जपानहून वापरून आलेली गाडी चालवीत आहोत. तिने आम्हांला काय दिले, काय खर्चात घातले आणि काय शिकविले, हे आज वाचकांपुढे मांडावे असे वाटते. कारण आपल्या समाजात गाडी घेताना पाटीचा विचार फार होतो, आणि गाडीत कोण बसणार याचा विचार फार थोडा होतो.

गाडी घ्यावयाचे ठरले तेव्हा आम्ही घरात एक यादी केली. मातोश्रींचे गुडघे दुखतात, म्हणून बैठक फार खाली नको आणि फार उंचही नको. दार पुरेसे उघडले पाहिजे. गॅसचा सिलिंडर, बाजाराच्या पिशव्या, हार्मोनियम आणि ढोलकी मागे मावली पाहिजे. भाद्रपदात गणपतीची मूर्ती आडवी न करता घरी आणता आली पाहिजे. यादी वाचून विक्रेता हसला. तो आम्हांला चाकांची चमक आणि काचांचा काळा रंग दाखवीत होता.

या बाबतीत आमच्या मेहुण्यांची होंडा फिट पाहण्यासारखी आहे. ही गाडी २००१ साली जपानात निघाली. तिची पेट्रोलची टाकी मागे नसून पुढच्या बैठकीखाली आहे. त्यामुळे मागचा तळ खाली आणि सपाट मिळतो. मागच्या बैठकीची गादी वर उचलून पाठीला टेकविली, की तेथे उंच वस्तू उभी ठेवता येते. मेहुण्यांचा गणपती दरवर्षी त्या जागेत उभाच घरी येतो, आणि शेजारी एक मुलगा मूर्तीला धरून बसतो. गाडी बनविणाऱ्यांनी गणपतीचा विचार केला नसेल, पण घरच्या माणसांचा आणि घरच्या सामानाचा विचार नक्कीच केला असला पाहिजे. उपयोगी गाडी म्हणतात ती हीच.

वापरून आलेल्या जपानी गाड्यांच्या गमतीही पुष्कळ. आमची गाडी किल्ली फिरविताच एका स्त्रीच्या गोड आवाजात काहीतरी बोलते. मातोश्री पहिले काही महिने तिला हात जोडीत असत. त्यांना वाटे, ती प्रवासाला शुभेच्छा देते. पुढे जपानी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले, की महामार्गाचा कर भरण्याचे कार्ड यंत्रात घातलेले नाही एवढेच ती सांगते. आपल्या बेटावर टोलनाकाच नाही, तरी ती बिचारी अकरा वर्षे आठवण करून देत आहे. रेडिओचेही तसेच. जपानच्या जुन्या रेडिओची पट्टी ७६ ते ९० पर्यंतच जाते, आणि आपली कित्येक केंद्रे त्याच्या पुढे आहेत. वेगळा जोड बसविल्याशिवाय ती ऐकू येत नाहीत.

पण सर्वच गमतीचे नव्हते. आम्हांला गाडी विकणाऱ्याने फार थोडे किलोमीटर धावलेली म्हणून ती दिली. घड्याळाचा आकडाही तसाच होता. चार महिन्यांनी मेकॅनिकने पेडलचे झिजलेले रबर आणि चालकाच्या बैठकीची खचलेली कड दाखविली आणि विचारले, "गुरुजी, एवढ्या थोड्या धावेत एवढी झीज होते काय?" आम्ही वर्गात मुलांना उत्तर पडताळून पाहावयास शिकवितो, आणि स्वतः मात्र आकडा पाहून सही करून आलो! जपानच्या लिलावाचा कागद गाडीबरोबर मागता येतो, त्यावर धाव आणि दुरुस्त्या लिहिलेल्या असतात, हे आम्हांला नंतर कळले.

टायरांचाही धडा तसाच. टायर दिसावयास नवे होते, नक्षी खोल होती. परंतु टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१६ असे असेल, तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते, त्याला चिरा पडतात, आणि क्युरपिपच्या पावसात ब्रेक लावला की ते म्हातारपण कळते. आपण दुसऱ्याच्या पाटीवरचे वर्ष वाचतो. त्यापेक्षा आपल्याच टायरवरचे वर्ष वाचले तर पोराबाळांचे प्राण सुरक्षित राहतील.

आता खर्चाचे. वाक्वा ते पोर्ट लुई हे अंतर सुमारे वीस किलोमीटर धरू. जाऊन येऊन चाळीस. सकाळच्या गर्दीत लहान गाडी लिटरला बारा किलोमीटर गेली, तर तीन लिटरांहून अधिक पेट्रोल जळते. २०२२ साली पेट्रोल लिटरला सत्तर रुपयांच्या वर गेले होते. त्या भावाने रोजचे सव्वादोनशेच्या वर झाले, आणि त्यात हप्ता, विमा, पार्किंग आणि दुरुस्ती धरलेली नाही. बाजू ही, की त्या गाडीत बहुतेक दिवस एकच माणूस बसलेला असतो. चार जागा रिकाम्या जातात आणि रिकाम्याच परत येतात.

समुद्राचा खारा वारा हा दुसरा खर्च. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या एका नातेवाइकांनी गाडीचा वरचा भाग आरशासारखा ठेवला, पण खालून कधी धुतली नाही. सहा वर्षांत तळाला गंजाने भोक पडले. जे दिसते ते पुसावयाचे आणि जे भार वाहते तिकडे पाहावयाचे नाही, अशी आपली एकंदर सवयच आहे.

आणि पाणी! १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या पावसात पोर्ट लुईच्या रस्त्यांतून गाड्या कशा वाहून गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. ३० मार्च २०१३ च्या पुरात त्याच शहरात अकरा माणसे गेली होती, तरी आपण ते विसरलो होतो. आमचा एक भाचा बेलालच्या दिवशी राजधानीत अडकला. पाणी गुडघ्याच्या वर आले तेव्हा तो गाडी सोडून निघाला आणि वरच्या बाजूला एका इमारतीच्या जिन्यावर जाऊन बसला. गाडी गेली. विमा केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा होता, त्यामुळे पैसाही मिळाला नाही, आणि तीन वर्षांचे हप्ते मात्र राहिले. मातोश्री म्हणाल्या, "पोर घरी आले ना? मग गाडीला काय रडता?" हेच खरे. एक फूट वाहते पाणी लहान गाडीला हलवू शकते, आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना उचलून नेते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो आणि सगळे इंजिन जाते.

एवढे सगळे असता गाडी हवीच कशाला, असे कोणी विचारील. १९५६ साली उतारूंची रेल्वे बंद झाली, तेव्हापासून दीर्घ काळ आपला भार बसवर आणि गाडीवर राहिला. २०२० च्या जानेवारीत पोर्ट लुई ते रोझ हिल मेट्रो लोकांसाठी धावू लागली, आणि २०२२ मध्ये ती क्युरपिपपर्यंत पोचली. ज्यांचे घर आणि कचेरी या मार्गावर आहे, त्यांनी रोज एकट्याने गाडी नेण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. आमच्या घरी दुसऱ्या गाडीची गोष्ट निघाली होती. हिशेब मांडला आणि ती गोष्ट तेथेच थांबली. परंतु हेन्रिएटा, कास्कावेल किंवा तामारेंकडे मेट्रो जात नाही. गावांकडच्या बसगाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात. २००५ पासून वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना बसचा प्रवास फुकट आहे, ही मोठीच सोय. पण जिला थांब्यापर्यंतचा चढच चढवत नाही, त्या म्हातारीला फुकट तिकिटाचा काय उपयोग?

येथे आमच्या मनातली खरी गोष्ट येते. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, आमच्या गल्लीत एकच गाडी होती, एक जुनी मॉरिस मायनर. ती एका काकांची, पण वापर सगळ्या गल्लीचा. बाळंतिणीला रुग्णालयात नेणे असो, नवरीला आणणे असो, रात्री ताप भरलेले पोर असो, काकांच्या दारावर थाप पडे आणि काका सदरा चढवीत बाहेर येत. काका काही संत नव्हते. पेट्रोलसाठी कुरकुरत, मुलांनी बैठकीला चिखल लावला तर ओरडत. पण गाडी रिकामी जाऊ देत नसत. आज त्याच गल्लीत जवळजवळ प्रत्येक दारात गाडी आहे.

आणि त्याच गल्लीत एक मावशी आहेत. भजनाला त्यांचा आवाज सर्वांत वर असे. जुनी झाकरीची गाणी त्यांना जेवढी पाठ, तेवढी आमच्या वर्गातल्या कोणत्याही पुस्तकात नाहीत. गेल्या वर्षी आमच्या लक्षात आले, की त्या मंदिरात दिसत नाहीत. आम्ही घरी गेलो आणि विचारले, "मावशी, बरे नाही का?"

त्या म्हणाल्या, "बरे आहे रे बाबा. पाय चालत नाहीत एवढेच."

"मग कोणाला सांगायचे होते."

"सांगायला काय? सगळ्यांच्या गाड्या दारावरूनच जातात. पण रोज रोज कोणाला सांगावे? लाज वाटते."

वाचकहो, त्या दारावरून जाणाऱ्या गाड्यांत आमचीही एक होती. मागची बैठक रिकामी होती. सहा वाजता बोलावणारे मंदिर दोन किलोमीटरवर होते. मावशी एक वर्ष घरात बसल्या, आणि आम्ही मराठी भाषा कशी टिकवावी या विषयावर सभेत भाषण करून आलो! त्या दिवसापासून मावशी दर रविवारी आमच्या गाडीत बसतात. जाताना त्या गुणगुणतात आणि आमची मुले, जी घरी क्रेओलशिवाय बोलत नाहीत, ती मागे बसून "आजी, याचा अर्थ काय?" असे विचारतात. वर्गात चाळीस मिनिटांत जे जमत नाही, ते कधी कधी दहा मिनिटांच्या त्या वाटेत जमते.

काही बंधू म्हणतील, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची? प्रश्न योग्य आहे. आपला विमा मागच्या प्रवाशांना लागू आहे की नाही, हे कागद काढून वाचावे, मागे बसणाऱ्यालाही पट्टा बांधावयास लावावा, आणि भाडे म्हणून पैसा घेऊ नये. कारण परवान्याशिवाय भाडे घेणे हा वेगळाच व्यवहार होतो. दुसरे म्हणतील, आमच्यामागे कामे थोडी का? आहेतच. पण आम्ही नवी फेरी मागत नाही. जी फेरी होणारच आहे, तिच्यातली एक जागा मागतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या भागातील ज्या वृद्धांना चालवत नाही त्यांची नावे लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे त्याच वाटेने येणाऱ्या एका गाडीवाल्याचे नाव लिहावे. वृद्धांनी मागावे लागू नये, गाडीवाल्याने दारात थांबावे. गणेश चतुर्थीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, येत्या रविवारपासून आरंभ होऊ शकतो. आणि जो तरुण पहिली गाडी घेण्याच्या विचारात आहे, त्याने विक्रेत्याकडे जाताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावे. ते माणूस ज्या गाडीत सहज चढेल आणि सहज उतरेल, ती गाडी घ्यावी.

आमच्या गाडीच्या पाटीवरचे वर्ष आता फारच जुने झाले आहे. पुढच्या लग्नातही कोणीतरी हसेल. हसू द्या. मावशींना मात्र ती पाटी वाचता येत नाही. त्या फक्त हॉर्न ओळखतात, आणि तो वाजण्यापूर्वीच काठी घेऊन दारात उभ्या असतात.