शाई कशात विरघळवली?

छापील सौरपट्ट्यांवरचं एक सादरीकरण या आठवड्यात ऐकलं. पट्टी हलकी, गुंडाळता येणारी, मोखाड्याच्या दूरच्या पाड्यावर खांद्यावरून नेता येईल अशी. पॉलिमरचं नाव सांगितलं, कार्यक्षमतेचा आकडा सांगितला. शाई ज्यात विरघळवली त्या द्रावकाचं नाव मात्र कुठेच नाही. या सदरात मी तेच विचारत आलो आहे, कारण आकडा तिथेच ठरतो.

ऑस्ट्रियातल्या लिंझच्या संशोधकांचे २००१ मधले दोन सौरघट घ्या. पॉलिमर तेच, त्यात मिसळलेलं फुलरिन (कार्बनचा पोकळ रेणू) तेच. टोल्युइनमधून थर दिला तेव्हा कार्यक्षमता ०.९ टक्के आली, क्लोरोबेंझिनमधून दिला तेव्हा २.५ टक्के. टोल्युइनमध्ये फुलरिन कमी विरघळतं, म्हणून थर वाळताना त्याच्या गुठळ्या होतात. पॉलिमरने शोषलेली प्रकाशाची ऊर्जा त्यात जेमतेम १० नॅनोमीटर सरकते. तेवढ्यात फुलरिन भेटलं नाही तर ती वाया जाते. गुठळ्या त्याहून कितीतरी मोठ्या असल्या, तर भेट व्हायची कशी? क्लोरोबेंझिनमध्ये दोन्ही बारीक मिसळून राहतात.

वाळण्याचा वेगही तितकाच महत्त्वाचा. ६१ अंशांना उकळणाऱ्या क्लोरोफॉर्मऐवजी २१४ अंशांना उकळणारं ट्रायक्लोरोबेंझिन वापरल्यावर पी-३-एचटी या पॉलिमरच्या ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतभार दहापट सुलभतेने वाहतात, हे २००४ मध्ये दिसलं. पॉलिमरच्या साखळ्यांना नीट रचून बसायला वेळ मिळाला, एवढंच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढणाऱ्या जव्हारच्या वारली चित्रकाराला हे वेगळं सांगावं लागणार नाही: पीठ तेच, पण पाणी जास्त झालं की रेघ पसरते.

त्याच्या वाटीत पाणी असतं, आणि माझा आग्रह तिथूनच सुरू होतो. उत्तम थर देणारे हे द्रावक क्लोरिनयुक्त आहेत आणि त्यांची वाफ छापणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. झायलिनसारखे क्लोरिनविरहित पर्याय आता वापरले जातात, तेही निर्धोक नाहीत. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळतील अशा पार्श्वसाखळ्या पॉलिमरला जोडण्याचं काम चालू आहे. माझ्या मते पैसा तिथे लागायला हवा, कार्यक्षमतेच्या पुढच्या अर्ध्या टक्क्यावर नाही. पाड्यावर उजेड न्यायचा आणि छापणाऱ्याचा श्वास विकायचा, हा सौदा मला मान्य नाही.

पुढच्या वेळी पहिल्या पानावर द्रावकाचं नाव लिहा, वाफ कुठे जाते ते सांगा, आणि पट्टी जव्हारच्या पावसाळ्यात बाहेर ठेवून तपासा. मग कार्यक्षमतेवर बोलू.