हा पाऊस मोजला कुणी?

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या माझ्या भाच्याचा फोन आला. त्याचं चार एकर सोयाबीन काढणीला आलेलं आणि आदल्या दिवशीच्या पावसाने ते पाण्यात उभं. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर त्या दिवसाची नोंद होती ५८ मिलिमीटर. आपल्याकडे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं सरकार धरतं, आणि मदतीचं पुढचं सगळं गाडं त्या एका आकड्यावर चालतं. म्हणजे सात मिलिमीटरने हुकलं. सात मिलिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराएवढंसुद्धा पाणी नव्हे.

पण त्याने फोन केला होता तो वेगळ्याच कारणासाठी. तरुण पोरगा, मोबाइलवर त्याने दोन संकेतस्थळं धुंडाळली होती. त्याच गावाचं नाव, तीच तारीख. एकावर पाऊस होता १९ मिलिमीटर, दुसऱ्यावर ८३. "मामा, ८३ चा कागद अर्जाला जोडू का? तुम्ही बँकेत होतात, कोणता कागद चालतो ते तुम्हांला कळतं."

कळतं खरं. मी शाखेत असताना एकाच व्यापाऱ्याचे दोन ताळेबंद पाहिले आहेत, एक आयकरवाल्यांसाठी आणि एक आमच्यासाठी. दोन्ही सुबक टाइप केलेले, दोन्हींवर सही-शिक्का. अशा वेळी कोणता ताळेबंद अधिक चांगला दिसतो हे पाहायचं नसतं. आकड्यामागचं व्हाउचर मागायचं असतं. मी भाच्याला म्हटलं, दोन दिवस थांब, आधी ह्या दोन आकड्यांची व्हाउचरं शोधू.

शोधल्यावर जे सापडलं ते सांगण्यासारखं आहे, कारण आज घरोघरी हाच घोळ चालू आहे. लग्नाचा मुहूर्त, पोराची ट्रेकिंगची सहल, पापड वाळत घालणं, सगळं मोबाइलवरच्या ढगाच्या चित्राला विचारून ठरतं.

८३ चा आकडा हा मोजलेला पाऊस नव्हताच. तो होता आदल्या दिवशीचा अंदाज! दिवस उलटल्यावर त्या संकेतस्थळाने तोच अंदाज 'मागील हवामान' ह्या सदरात सरकवून दिला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर मंजूर झालेलं कर्ज वाटप झालं म्हणून दाखवलेलं. १९ चा आकडा जरा खानदानी निघाला. तो युरोपातल्या 'ईआरए-५' नावाच्या संचातला होता. उपग्रह, विमानं, जहाजं, हवेत सोडलेले फुगे, जमिनीवरची केंद्रं ह्या सगळ्यांच्या नोंदी संगणकाच्या प्रारूपात घालून १९४० पासूनचं जगाचं हवामान तासातासाने पुन्हा रचलेलं आहे. काम थोर आहे, आणि ते फुकट खुलं केलेलं आहे. पण त्यातला एकेक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा. परतीच्या पावसाचा ढग एका शिवारात कोसळतो आणि ओढ्यापलीकडचं शिवार कोरडं ठेवतो. ३१ किलोमीटरच्या चौकोनात तो ढग असा पसरवला जातो, जसं एका घरचं श्रीखंड अख्ख्या आळीला वाटावं. तीस वर्षांत मराठवाडा किती तापला हे पाहायला हा संच उत्तम. भाच्याच्या चार एकरांत मंगळवारी किती पडला हे त्याला विचारू नये.

जुन्या हवामानाचे आकडे देणारी जी असंख्य संकेतस्थळं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचा माल अशाच कुठल्या तरी रचलेल्या संचातून येतो. त्यात लबाडी नाही. फक्त पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते आपण वाचत नाही, आणि काही जण तेही लिहीत नाहीत. जिथे आकडा कुठून आला हे लिहिलेलंच नाही, ते संकेतस्थळ मी तरी सरळ बंद करतो, मग त्यावरची चित्रं कितीही देखणी असोत.

मोजलेला आकडा तरी किती एकाकी असतो, पाहा. २६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला झाला फक्त ७३. एकच शहर, एकाच खात्याच्या दोन वेधशाळा, दोन्ही आकडे खरे. त्या दिवशी 'मुंबईचा पाऊस' म्हणून एकच आकडा देणारं कुणीही निम्म्या मुंबईशी खोटंच बोललं असतं.

तारखेचीही एक गंमत आहे, ती बँकवाल्यांना लगेच पटेल. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. तेव्हाचं माप त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणून २६ जुलैचा तो प्रलय सरकारी वहीत २७ तारखेला आहे. परदेशी संकेतस्थळांपैकी काहींचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत म्हणून रागावण्याआधी ही 'व्हॅल्यू डेट' तपासावी. भाच्याच्या प्रकरणात हाही थोडा घोटाळा होताच.

यंत्रंही चुकतात. २९ मे २०२४ रोजी दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवलं आणि जगभर बातमी झाली. दुसऱ्याच दिवशी नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले. हवामान खात्याने तपास केला तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता असं निघालं. नागपूरचा आकडाही यंत्राचा दोष म्हणून बाजूला ठेवला गेला. खात्याची थट्टा झाली. मला मात्र उलट वाटलं. आकड्यावर हरकत घेता येते, कुणीतरी ती तपासतं, आणि चूक होती असं जाहीर करतं, ही जमेची बाजू आहे. मोबाइलवरच्या ढगाच्या चित्रावर हरकत कुणाकडे घेणार?

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आमच्या पिढीने पोटभर केला. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, तिच्या समोरून जाताना कुणीतरी तो करायचाच. विनोदाला आधारही होता. २००२ साली मोसमाचा अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, झाला ८१. २००९ साली एप्रिलमध्ये सांगितले ९६, पडला ७८. पण हे मला आज सांगता येतं ते का? तर अंदाजही नोंदलेला राहिला आणि निकालही. खाजगी संकेतस्थळांवर कालचा अंदाज आज शोधून पाहा. बहुतेक ठिकाणी तो पुसलेला असतो. ज्याच्या चुकांची पानं वहीतून फाडलेली आहेत त्याला मी शाखेत कर्ज दिलं नसतं.

आता रोजच्या अंदाजाचं. इथे घरच्या मंडळींनी एक करून पाहावं. अंदाज देणाऱ्या चित्रमय संकेतस्थळांमागे यंत्रं मोजकीच असतात. अमेरिकेचं 'जीएफएस' आणि युरोपीय केंद्राचं प्रारूप ही त्यांतली दोन मोठी. 'विंडी'सारख्या ठिकाणी आपण कोणतं प्रारूप पाहतो आहोत ते निवडता येतं. दोन्ही प्रारूपं चार दिवसांनंतरच्या पावसावर एकमत असतील तर गंभीरपणे घ्यावं. भांडत असतील तर तेच त्या दिवसाचं खरं उत्तर, की अजून नक्की नाही. आणि अंदाज किती वाजता काढलेला आहे तेही पाहावं. पंधराव्या दिवशी दुपारी तीन वाजता सरी येतील असं सांगणाऱ्याला मी पंचांगाच्या शेजारी ठेवतो. पंचांगाला निदान वाहन असतं, बेडूक की म्हैस.

हवामान खात्याच्या 'मौसम' संकेतस्थळाला तसं देखणेपण नाही, भाषाही सरकारी. पण ती भाषा मोजून वापरलेली आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'जोरदार' म्हणजे चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरपासून पुढे, 'अतिजोरदार' ११५ च्या वर, आणि 'अत्यंत जोरदार' २०४ च्या वर. आमच्या आळीत पिवळा इशारा आला की शाळेला सुट्टी आहे का म्हणून फोन सुरू होतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे हालचाल करा. पुढच्या दोन तासांत दोरीवरचे कपडे काढायचे का, ह्यासाठी मात्र अंदाज नकोच, रडारचं चित्र पाहावं. मुंबईकरांना त्यासाठी कुलाब्याचं आणि वेरावलीचं अशी दोन रडारं आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेली सहा किलोमीटरच्या चौकोनांची 'भारत' प्रणाली मे २०२५ मध्ये सुरू झाली, त्यामुळे अंदाजाची जाळी बारीक झाली आहे. तरी शिवार ते शिवारच.

जुन्या नोंदींसाठी कृषी विभागाच्या 'महारेन'वर मंडळवार रोजचा पाऊस मिळतो. त्याहून मागचं हवं असेल तर पुण्याच्या हवामान कार्यालयात १९०१ पासूनचा देशभराचा रोजचा पाऊस चौकोनाचौकोनांत मांडलेला आहे. तो खुला आहे, पण अशा स्वरूपात की साध्या माणसाला ती फाइल उघडतासुद्धा येऊ नये. मला नातवाला बसवावं लागलं. ज्यांच्या करातून हे सगळं मोजलं गेलं, त्यांना गावाचं नाव टाकून ते वाचता यायला हवं, एवढी अपेक्षा काही फार नाही.

भाच्याला मी ८३ चा कागद जोडू दिला नाही. मंडळाची अधिकृत नोंद, सलग दिवसांच्या पावसाचा तक्ता आणि शेताचे फोटो जोडले. त्या दिवसाची अतिवृष्टीची मदत त्याला मिळाली नाही. 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती असं राज्य सरकारने २०२३ साली ठरवलं, तोवर त्याचं सोयाबीन काळं पडून मातीमोलाने गेलं होतं. तो माझ्यावर काही महिने थोडा नाराजही होता. मंडळाचा पर्जन्यमापक त्याच्या बांधापासून नऊ किलोमीटरवर, आणि मधे एक डोंगर. त्याच्या रानात ६५ च्या वर पडला असेलही. पण तिथे मोजणारं कुणी नव्हतं.

नंतरच्या उन्हाळ्यात त्याने एक साधा पर्जन्यमापक आणून विहिरीपासून लांब, झाडाची सावली नसलेल्या जागी बसवला. रोज सकाळी साडेआठला सून तो पाहते आणि शाळेच्या वहीत लिहिते. सरकारदरबारी त्या वहीला किंमत नाही, हे त्याला मी स्पष्ट सांगितलं आहे. पण १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका असं कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं, ते १०० आता तो मोबाइलवर नाही, त्या वहीत मोजतो. गेल्या जूनमध्ये गावाने पेरलं तेव्हा वहीत ६२ होते. तो नऊ दिवस थांबला.