घंटेच्या आधी भिंत

फिलाडेल्फियाला गेलेला आपला माणूस लिबर्टी बेलपाशी फोटो काढतो, इंडिपेन्डन्स हॉल बघतो आणि न्यूयॉर्कची बस धरतो. माझं म्हणणं, घंटेच्या रांगेत लागण्याआधी दारालगतच्या त्या अर्धवट भिंती बघाव्यात.

तिथे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत. त्या घरात त्यांनी एकूण नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यामुळे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला, की मुक्तीचा हक्क मागू शकायचा. म्हणून मुदत भरत आली, की त्यांना थोडे दिवस राज्याबाहेर धाडायचं आणि परत आणायचं. काय हा हिशेब! त्यांतली ओनी जज १७९६ मध्ये, मालक मंडळी जेवायला बसलेली असताना, निघून गेली. पुन्हा कधी हाती लागली नाही. नऊही नावं तिथे दगडात कोरली आहेत.

घंटेवरचं वचन आपल्या पवित्र शास्त्रातलं, लेवीय २५:१०. देशभर सगळ्यांना मुक्ती जाहीर करा, असा त्याचा भाव. ते खऱ्या अर्थानं मनावर घेतलं गुलामगिरीविरोधी लोकांनी. ‘लिबर्टी बेल’ हे नाव १८३०च्या दशकात त्यांनीच रूढ केलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. मराठी वाचणाऱ्याला तरी या भिंती परक्या वाटू नयेत.

तिथून सहाव्या रस्त्याने दक्षिणेला चालत गेलं, की मदर बेथेल चर्च लागतं. स्वतः गुलामीतून सुटलेल्या रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये स्थापलेलं. मी गेलो तेव्हा तिथे रांग नव्हती.